काप्पा, काषाय आणि पांघरूण : जपानी बहिर्वस्त्रवाचक शब्दांविषयी

परक्या भाषांनी आपल्याकडून किती शब्द घेतले ह्याची यादी करणे हा विद्वानांचा जुना व्यासंग आहे. आणि त्या यादीचा अभिमान मिरवणे हा समाजांचा जुना स्वभाव आहे. गोमंतकातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो ह्यांनी आशियाई भाषांवरील पोर्तुगीज शब्दांच्या प्रभावाचा जो ग्रंथ १९१३ साली सिद्ध केला, तो अर्थातच व्यासंगाच्या बाजूचा आहे. ए. एक्स. सोआरिस ह्यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ साली बडोद्याहून प्रसिद्ध झाले. एका धर्मगुरूने एकट्याने केलेले इतके मोठे भाषाशास्त्रीय कार्य आपल्या समाजात विरळाच म्हणावे लागेल. तथापि ग्रंथ थोर असला म्हणजे त्याच्या रचनेकडे चिकित्सक दृष्टीने पाहू नये असे नाही. त्यातील नोंदींच्या शिरोभागी पोर्तुगीज शब्द असतो आणि त्याच्याखाली कोकणी, मराठी, मलय, जपानी अशा भाषांतील त्याची रूपे मांडलेली असतात. कोशाला अशी काही व्यवस्था लागतेच. परंतु ह्या व्यवस्थेमुळे वाचकाच्या मनात नकळत एकच प्रश्न रुजतो, ‘कोणी दिले?’ ‘घेणाऱ्याने ते का घेतले?’ हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा, प्रश्न मागे पडतो. आपल्या स्मरणिकांतून आणि व्याख्यानांतून अशा याद्या जेव्हा उद्धृत होतात, तेव्हा तर तो पूर्णपणे हरवतो.

हा दुसरा प्रश्न विचारून पाहावा ह्या हेतूने प्रस्तुत लेखात जपानी भाषेतील एक छोटासा शब्दसमूह निवडला आहे. कोट, अंगरखा, झूल, रेनकोट अशा, सर्वांत वरून घ्यावयाच्या वस्त्रांची ही नावे आहेत. परका मनुष्य दारी आला की त्याचे मन दिसत नाही, धर्म दिसत नाही. प्रथम दिसते ते त्याचे वरचे वस्त्र. पोर्तुगीज व्यापारी १५४३ साली जपानच्या किनाऱ्याला लागले. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहून निघून १५४९ साली कागोशिमा येथे उतरले. त्यानंतरच्या काही दशकांत जपानी भाषेने ह्या पाहुण्यांच्या अंगावरून जे उचलले, ते आजही तिच्यापाशी आहे. पोर्तुगीज ‘कापा’ म्हणजे खांद्यावरून घ्यावयाची झूल. तिचा ‘काप्पा’ झाला. लोकरी कापडाला ‘राशा’ हे नाव मिळाले. ‘वेलुदो’ ह्या मखमलीचे ‘बिरोदो’ झाले. ‘बोतांव’चे ‘बोतान’ होऊन ते सदऱ्याकोटावर कायमचे टाकले गेले.

ह्यांतील ‘काप्पा’चा प्रवास विशेष लक्षणीय आहे. आरंभी ही झूल परदेशी लोकरीची, म्हणून महाग, आणि म्हणून थोरामोठ्यांची होती. पुढे ती सुती कापडाची झाली आणि अखेर तेल पाजलेल्या जाड कागदाची. कागदी काप्पा वजनाला हलका, घडी घालून नेता येण्याजोगा आणि स्वस्त. वाटसरू, हमाल, पालखीवाहक अशांच्या अंगावर तो दिसू लागला. त्याच्या आधी जपानी शेतकऱ्याला पावसापासून वाचवीत असे ते ‘मिनो’, म्हणजे गवत किंवा पेंढा विणून केलेले आच्छादन. आपल्या कोकणातल्या इरल्याचा तो सख्खा भाऊच. आमच्या वर्धा जिल्ह्यात पावसात निंदण करणाऱ्या मजुराने डोक्यावरून घेतलेली पोत्याची खोळ आणि तिच्या जागी आलेले मेणकापड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मिनो आणि काप्पा ह्यांतील नाते समजावून सांगण्याची गरज नाही. आज जपानमध्ये शाळकरी मूल आणि रस्त्यावर काम करणारा कामगार जो रेनकोट घालतो, त्यालाही ‘काप्पा’ म्हणतात. ह्या शब्दाला जपान्यांनी ध्वनिसाम्यावरून दोन चिनी अक्षरे दिली. पहिल्याचा अर्थ ‘जुळणे’, दुसऱ्याचा ‘पंख’. पक्ष्याने पंख मिटून घ्यावेत तसे हे वस्त्र, अशी काहीशी भावना त्या लेखनातून जागी होते. नदीतल्या ज्या पिशाच्चाला जपानी लोककथांत ‘काप्पा’ म्हणतात तो शब्द निराळा, त्याची अक्षरेही निराळी. दोहोंची गल्लत करू नये.

‘जुबान’ ह्या शब्दाची गोष्ट ह्याच्या उलट आहे. पोर्तुगीज ‘जिबांव’ म्हणजे अंगाला घट्ट बसणारी बंडी. ती परक्यांच्या अंगावर वरून दिसे. जपानी माणसाने मात्र तिला किमोनोच्या आत स्थान दिले. ‘जुबान’ आज किमोनोखाली घालावयाचे वस्त्र आहे. बाहेरचे आत गेले. गंमत अशी, की हा ‘जिबांव’ही मूळचा पोर्तुगीजांचा नव्हे. अरबी ‘जुब्बा’ इटलीच्या वाटेने त्यांच्याकडे आला होता. तोच अरबी शब्द खुष्कीच्या मार्गाने आपल्याकडे आला आणि त्याचा ‘झब्बा’ झाला. हिंगणघाटच्या बाजारात शिवलेला झब्बा आणि क्योतोतील जुबान ही एकाच घराण्यातील दूरची भावंडे आहेत. मग ह्या शब्दाच्या बाबतीत ‘कोणी दिले?’ ह्या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? देणारा स्वतःच ऋणको निघाला. आपला शिंपी ‘काज-बटण’ करतो, त्यातील ‘काज’ पोर्तुगीज ‘काझा’पासून, म्हणजे ‘घरा’पासून, आले आहे. बटणाचे घर ते काज. परंतु शिंप्याला त्याचा पत्ता नाही, आणि पत्ता नसणे हेच त्या शब्दाच्या यशाचे गमक आहे.

ह्या देवघेवीत आपला महाराष्ट्रही आहे, हे मराठी वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. जपानी भाषेत ‘चाउजिमा’ नावाचे एक पातळ रेशमी कापड आहे. ‘जिमा’ म्हणजे पट्टे. आणि ‘चाउ’ म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातील चौल. पोर्तुगीज गलबतांतून चौलचे कापड तिकडे गेले. पुढे सतराव्या शतकात क्योतोच्या विणकरांनी तसले कापड स्वतः विणावयास घेतले, पण नाव चौलचेच ठेवले. १७४० साली चौल मराठ्यांकडे आले, बंदराचे वैभव ओसरले, आज तेथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, आणि पलीकडच्या कोर्लईत आपले बांधव एक पोर्तुगीज-मिश्रित बोली बोलतात. चौलचे विणकर गेले, नाव मात्र जपानी कोशात राहिले. त्याचप्रमाणे ‘सान्तोमे’ हे पट्ट्यांच्या एका सुती कापडाचे नाव मद्रासजवळच्या सां तोमे ह्या बंदरावरून पडले. म्हणजे ज्या प्रेषिताची कबर मैलापूरला आहे असे आपण श्रद्धेने मानतो, त्या संत थॉमसचे नाव जपानी कापडदुकानात शिरले. आणि ते कापड अंगावर घेणाऱ्याला त्या प्रेषिताविषयी काहीच ठाऊक नव्हते. ह्याला सुवार्ताप्रसार म्हणावयाचे काय? मला तसे म्हणवत नाही.

येथे आपण ह्या शब्दसमूहाच्या गाभ्याशी येतो. जपानी बौद्ध भिक्षूच्या वरच्या वस्त्राला ‘केसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘काषाय’ ह्याचे चीनमार्गे आलेले रूप आहे. फुजीई गुरुजी १९३३ साली वर्ध्याला महात्मा गांधींच्या भेटीस आले आणि पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत त्यांच्या पंथाचा मंत्र सामावला गेला, तेव्हा ते काषाय जणू माहेरीच आले होते. जपानमध्ये एक म्हण आहे. भिक्षूचा द्वेष जडला की त्याचा केसादेखील द्वेष्य वाटतो, असा तिचा आशय. वस्त्र आणि ते धारण करणारा ह्यांना लोकमानस एकच समजते, हे ह्या म्हणीतून दिसते. परंतु ख्रिस्ती धर्मगुरूंच्या बाबतीत इतिहासाने ही म्हण खोटी ठरविली. ‘पाद्रे’ ह्या शब्दाचे जपानी रूप ‘बातेरेन’. १५८७ साली हिदेयोशीने जो हद्दपारीचा हुकूम काढला, तो ह्याच बातेरेनांविरुद्ध. आणि ह्याच हिदेयोशीचा म्हणून सांगितला जाणारा, चिलखतावरून घालावयाचा ‘जिम्बाओरी’ क्योतोच्या कोदाइजी मंदिरात जतन केलेला आहे. तो इराणी विणकामाच्या वस्त्रातून शिवलेला आहे. परदेशी कापडाची आवड आणि परदेशी धर्माची भीती एकाच मनात सुखाने नांदू शकतात.

ह्या भीतीची किंमत आपल्यापैकी एकाने मोजली आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया तरुणपणीच जपानला गेले, तेथील भाषा शिकले, आणि पुढे फ्रान्सिस्कन बंधू म्हणून १५९३ साली मनिलाहून पेद्रो बाउतिस्ता ह्यांच्याबरोबर दुभाषी होऊन परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर खिळण्यात आले, त्यांत ते होते. त्याआधी त्या सर्वांना ऐन थंडीत क्योतो परिसरातून नागासाकीपर्यंत चालविण्यात आले होते. १८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी त्यांना संतपद बहाल केले. १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि १६३९ साली पोर्तुगीज जहाजांना दार बंद झाले. बातेरेन गेले, काप्पा राहिला. पाहुण्याला बाहेर काढले आणि त्याची झूल खुंटीला टांगून ठेवली.

ह्या घटनेचे दोन सोपे अर्थ लावता येतात, आणि दोन्ही मला अपुरे वाटतात. पहिला अर्थ गर्वाचा, ‘पाहा, आमचे शब्द तरी त्यांना काढता आले नाहीत.’ परंतु काप्पा पोर्तुगीजांचा म्हणून टिकला नाही. पाऊस पडतो म्हणून टिकला. दुसरा अर्थ निराशेचा, ‘त्यांनी कवच घेतले, गर टाकला.’ ह्यात सत्याचा अंश आहे, परंतु तो घेणाऱ्यावर सारा दोष ढकलतो. जे भिजत होते त्यांना झूल मिळाली आणि त्यांनी ती आपली केली, ही गोष्ट तुच्छ लेखण्याजोगी नाही. ती आपल्याला एक कसोटी देते. परका शब्द कोणाच्या गरजेपर्यंत उतरला, ह्यावर त्याचे आयुष्य ठरते.

ही कसोटी त्या काळच्या काही धर्मगुरूंना उमगली होती. येशूसंघीयांनी युरोपीय छापखाना १५९० साली जपानात नेला आणि १६०३ साली, म्हणजे नागासाकीच्या हौतात्म्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, त्याच नगरीत जपानी-पोर्तुगीज कोश छापला. त्यात सुमारे बत्तीस हजार शब्द आहेत. ह्या कोशाची रचना दालगादोंच्या रचनेच्या नेमकी उलट आहे. येथे नोंदीच्या शिरोभागी जपानी शब्द आहे, पोर्तुगीज त्याच्या सेवेला उभी आहे. कोणता शब्द राजधानीचा, कोणता क्यूशूकडचा, कोणता स्त्रियांच्या तोंडचा, ह्याचीही नोंद त्यात घेतली आहे. पापनिवेदन ऐकणाऱ्याला माणसाची खरी बोली कळली पाहिजे, ही त्यामागची निकड होती. दोन्ही कोश धर्मकार्याला वाहिलेल्या माणसांचे. पण एक ‘आम्ही काय दिले’ ह्याची नोंदवही आहे आणि दुसरा ‘त्यांचे काय आहे’ ह्याचा अभ्यास. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ख्रिस्तपुराणात मराठी ओवीचा अंगरखा घातला, तो ह्या दुसऱ्या वृत्तीचा. म्हणूनच तो आजही जुना वाटतो, परका वाटत नाही.

आधुनिक जपानी भाषेकडे वळलो तर तेथे नव्या शब्दांची रीघ दिसते. ‘कोओतो’ म्हणजे कोट, ‘जाकेत्तो’ म्हणजे जॅकेट, ‘जाम्पा’ म्हणजे जंपर. ओव्हरकोटचे तर शेपूट तोडून नुसते ‘ओओबा’ केले. हे शब्द ‘काताकाना’ नावाच्या वेगळ्या लिपीत लिहितात, त्यामुळे त्यांचे परकेपण लेखनातच दिसते. मात्र जुन्या वस्त्रांची नावे त्यांनी पुसली नाहीत. किमोनोवरून घ्यावयाची ‘हाओरी’, हिवाळ्यात घरात घालावयाचा कापूस भरलेला ‘हान्तेन’, उत्सवात पाठीवर चिन्ह मिरविणारा ‘हाप्पी’ हे सारे नव्याच्या शेजारी नांदतात. कोट दारातच उतरवावयाचा, हाओरी मात्र घरातही अंगावर ठेवली तरी चालते, असा शिष्टाचारही ह्या नावांच्या भेदात आहे. आपणही कोट, स्वेटर, रेनकोट घेतले. ‘जाकीट’ घेताना त्याच्या बाह्याच कापून टाकल्या. पण आपला डगला आणि बाराबंदी आज नाटकांच्या पेटाऱ्यात आहेत. ज्या हिंगणघाटचे नाव एकोणिसाव्या शतकात कापसाची एक जात म्हणून लिव्हरपूलच्या बाजारात ओळखले जाई, तेथे कापूस भरलेल्या डगल्याचे नाव मुलांना परके वाटावे, ह्याची खंत वाटते.

नामांपेक्षाही क्रियापदे अधिक बोलकी आहेत. वस्त्र अंगात घालणे ह्याला जपानीत ‘किरु’, कमरेखाली किंवा पायात घालणे ह्याला ‘हाकु’, डोक्यावर घेणे ह्याला ‘काबुरु’, आणि खांद्यावरून सैलसे टाकणे ह्याला ‘हाओरु’. हाओरीचे नाव ह्या शेवटच्या क्रियेशी जोडलेले आहे. इंग्रजी एका क्रियापदावर भागवते. मराठी मात्र ह्या बाबतीत जपानीच्या पंक्तीला बसते. आपण लुगडे नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, पदर घेतो, दागिने लेतो आणि घोंगडी पांघरतो. हे वैभव आपल्या धार्मिक मराठीत कितपत उतरले आहे, हे पाहणे हा ह्या साऱ्या विवेचनाचा हेतू आहे.

गलतीकरांस पत्रातील तिसऱ्या अध्यायात संत पौल म्हणतो की बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्त अंगावर घेतला आहे. जपानी अनुवादांनी येथे ‘किरु’ हेच रोजचे क्रियापद वापरले. आई मुलाला शाळेत जाताना जे म्हणते, तेच. आपल्या अनुवादांत ‘परिधान करणे’ रूढ झाले. हा शब्द चुकीचा नाही. त्याची व्युत्पत्तीही ‘सभोवती ठेवणे’ अशी सुंदर आहे, आणि त्याला एक भारदस्तपणा आहे. परंतु थंडीत कोणी स्वेटर परिधान करीत नाही. परिधान होते ते समारंभात. त्यामुळे बाप्तिस्मा हा ऐकणाऱ्याच्या मनात एका दिवसाचा पोशाख होतो, पेटीत घडी घालून ठेवावयाचा. ह्या उलट मत्तयलिखित शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायाची, चाळिसाव्या वचनाची गोष्ट. अंगातले वस्त्र मागणाऱ्याला वरचेही द्यावे, अशी प्रभूची आज्ञा. जपानी अनुवादात ह्यांना ‘शितागी’ आणि ‘उवागी’, म्हणजे ‘आतले’ आणि ‘वरचे’, म्हटले आहे. आजच्या जपानीत ‘शितागी’ म्हणजे चड्डी-बनियन. कोणी फिर्याद करून ते मागावे हे वाचकाला विचित्र वाटते. येथे रोजचा शब्दच अर्थाच्या आड येतो. तेव्हा साधा शब्द तेवढा उत्तम, असा सरसकट नियम मी सांगत नाही. निर्गमाच्या बाविसाव्या अध्यायात गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करण्याची आज्ञा आहे, कारण रात्री अंगावर घ्यावयास त्याच्याजवळ दुसरे काही नसते. ही आज्ञा ठाऊक असेल तरच प्रभूच्या वचनाची धार कळते. कायद्याने जे हिरावता येत नाही, तेही स्वखुशीने दे, असे तो म्हणतो. घोंगडी हे ज्याचे अंथरूण, पांघरूण आणि रेनकोट आहे, अशा आपल्या धनगर बांधवाला ही धार टीकाग्रंथाशिवाय कळेल. पण त्यासाठी वचनात त्याचे पांघरूण दिसले पाहिजे.

मग ‘ख्रिस्त पांघरला’ असे म्हणावे काय? येथे मराठी आपल्याला थांबविते. ‘पांघरूण घालणे’ ह्या आपल्या वाक्प्रचाराचा अर्थ दोष झाकणे असा आहे. ऊब देणारे वस्त्रच लपविण्याच्या कामी येते, हे आपल्या भाषेने ओळखले आहे. धर्माचे वस्त्र अंगावर असलेल्या आम्हां लोकांना तर हा इशारा नित्य ध्यानी ठेवण्याजोगा आहे. अनुवादकाने कोणता शब्द निवडावा हे सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु निवडताना त्याने ‘परिधान’ आणि ‘पांघरणे’ दोन्ही तोलून पाहावेत, दोहोंतील धोकाही तोलावा, एवढे समीक्षकाने म्हणणे रास्त आहे. पहिल्यात मिरवण्याचा धोका आहे, दुसऱ्यात लपवण्याचा.

कसोटीला एक अपवादही नोंदविला पाहिजे, नाहीतर हे विवेचन एकांगी होईल. बंदीच्या अडीचशे वर्षांत जपानातील गुप्त ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या प्रार्थना पिढ्यानपिढ्या तोंडी जपल्या. लॅटिन ‘ओरात्सियो’चे ‘ओराशो’ झाले. त्यांतील कित्येक शब्दांचा अर्थही म्हणणाऱ्यांना राहिला नव्हता. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा मंदिरात फादर पेतिजां ह्यांच्यासमोर त्यांच्यापैकी काही जण उभे राहिले, तेव्हा जगाला ते कळले. हे शब्द पावसात कामी आले नव्हते. उलट त्यांच्यामुळे जीव गेला असता. ते टिकले ते प्रीतीमुळे. काप्पा गरजेने जगला, ओराशो निष्ठेने जगला. आणि ‘बातेरेन’ हा शब्द, ज्याला ना गरज लाभली ना प्रीती, तो हुकुमांच्या कागदांत राहून गेला. आज जपानी ख्रिस्ती माणूस आपल्या धर्मगुरूला ‘शिम्पु’ म्हणतो.

आपल्या प्रार्थनापुस्तकांची आणि उपदेशांची भाषा ह्या तिहींपैकी कोणत्या वाटेने चालली आहे, हे प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःच पाहावे. क्रूस, पाद्री, इगर्जी हे जुने शब्द टाकून त्यांच्या जागी आपण संस्कृतप्रचुर शब्द आणले. त्यांत काही चुकले असे नाही. जपान्यांनीही तेच केले. पण नवा शब्द भिजणाऱ्या माणसाच्या अंगावर बसतो का, किंवा मरणाच्या दारात त्याच्या ओठांवर येतो का, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून त्याला पेटीतून बाहेर काढू नये. तो ह्या दोहोंपैकी एकाही ठिकाणी येत नसेल, तर तो कितीही शुद्ध असला तरी समारंभाचा पोशाख आहे. आणि समारंभ संपल्यावर माणसे घरी जातात, तेव्हा बाहेर बहुधा पाऊस असतो.